चांदणी, मासा आणि कुंकवाचं बोट

आई,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझ्या आवाजापेक्षा तुझं रागावणंच जास्त आठवतं. त्यामुळे हे वाचून तू काय म्हणशील तेही मला पाठ आहे. "पन्नाशी उलटली आणि रद्दीच्या दुकानात कसली तोंड खुपसून बसतेस? घरात जळमटं लोंबतायत, ती काढ आधी." लोंबू देत. मला तुझा तो दिवाळी अंक हवा होता आणि तो मिळेपर्यंत मी थांबणार नव्हते. हट्ट कुणाकडून आलाय ते सांगायला नको.

तू त्याबद्दल एकदाच बोललीस. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधलं आपलं घर, संध्याकाळची वेळ. मी कॉलेजातून आलेय, तू पोळ्या लाटतेयस. मी सहज विचारते, "आई, एवढं वाचतेस, मग लिहीत का नाहीस गं?" तू मान वर न करता म्हणतेस, "लिहिली होती एक गोष्ट. छापूनही आली. माहेरच्या नावानं." मी उडालेच. "मग?" "मग काय. माझ्याकडे आलेली एकच प्रत लायब्ररीत ठेवली. गेली ती परत आलीच नाही. माझी गोष्ट कुणी वाचली नाही. एका बाईच्या तोंडून अवाक्षर नाही. म्हटलं, बास झालं. सरक, तवा तापलाय." अंकाचं नाव मी तुझ्या मागे लागून काढून घेतलं. गोष्टीत काय होतं ते मात्र तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. विचारलं की म्हणायचीस, विषय संपला. तुझा संपला असेल, माझा नव्हता संपला.

तुझी लायब्ररी म्हणजे स्वयंपाकघरातलं ते जाळीचं कपाट. वरच्या फळीवर दूध-दही, खालच्या दोन फळ्यांवर कादंबऱ्या आणि दिवाळी अंक, त्यामुळे निम्म्या पुस्तकांना फोडणीचा वास. दुपारी भांडी आवरली की बायका यायच्या. तुझे नियम कडक. पुस्तक वेळेवर परत, आणि एकीच्या घरून दुसरीच्या घरी परस्पर जायचं नाही, आधी माझ्याकडे आलं पाहिजे. मी एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर "खून मामाने केला" असं लिहून ठेवलं होतं, तेव्हा तू मला आळीभर फिरवून प्रत्येकीची माफी मागायला लावली होतीस. पुस्तकावर काही लिहायचं नाही, म्हणजे नाही. एवढी एकच सूट होती, ती खुणेची. तीच गोष्ट चुकून पुन्हा वाचायला लागू नये म्हणून बायका गोष्ट संपली की शेवटच्या ओळीखाली आपली बारीकशी खूण करायच्या. समोरच्या घरातल्या, शाळेत शिकवणाऱ्या बाईंची चांदणी. शेजारच्या सिंधी काकूंचा मासा, त्या तुझ्याच पुस्तकांवर मराठी वाचायला शिकल्या. आणि मागच्या घरातल्या वहिनींना पेन्सिल कधी सापडायचीच नाही, त्या सरळ कुंकवाचं बोट टेकवायच्या. मी एकदा खूण करायला गेले तर हातावर फटका दिलास. "घरच्यांनी नाही करायची. घरचं पुस्तक कुठे परत द्यायचं असतं?"

तर ह्याच खुणांवर मी निघाले. अंक काढणारे केव्हाच गेले, त्यांच्या घरी कुणाला त्याचं नावही माहीत नाही. राहता राहिली जुन्या पुस्तकांची दुकानं. आता मी बदलापूरला, बेलवलीत राहते. तिथूनच सुरुवात केली. एका गृहस्थांनी आपल्या गॅरेजमध्ये जुनी पुस्तकं मांडलीत, गाडी बाहेर उन्हात उभी. ते म्हणाले, "ताई, दिवाळी अंक पुरात गेले सगळे. लोक आधी टीव्ही वर उचलतात, अंक कोण उचलतंय?" मग अंबरनाथ. तिथे जिन्याखालच्या दुकानात एक बाई आहेत, त्यांना पुस्तक विकायचं जिवावरच येतं. मी एखादं हातात घेतलं की विचारतात, "हे नक्की वाचणार ना? की शोभेला?" पण भल्या बाई. दर शनिवारी माझ्यासाठी जुने अंक काढून ठेवू लागल्या. त्यात एकदा एका कादंबरीत कुंकवाचं बोट सापडलं, आपल्याच कपाटातली कादंबरी! मला तिथेच रडू फुटलं. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "रडण्याइतकी काही चांगली नाहीये ती."

घरी सगळे हसायचे. तुझा जावई म्हणायचा, "अगं, गवताच्या गंजीत सुई एक वेळ मिळेल. तिला निदान कुणी किलोवर विकत तरी नाही." मी म्हटलं, किलोवर विकतात तर किलोवर शोधीन. मग उल्हासनगरच्या रद्दीवाल्यांकडे जायला लागले. पुस्तकांची दुकानं नव्हेत ती, नुसते गठ्ठे आणि काटा. कॅम्प चारमधला एक म्हातारा रद्दीवाला सुरुवातीला वैतागायचा. "दीदी, ये मॅगझिन का क्या करोगी? सब पुराना माल है." मी म्हटलं, "मैं भी पुराना माल हूँ, बैठने दो." तो हसला, आणि त्यानंतर मला बसायला एक स्टूल ठेवायला लागला. आपली जुनी आळी आता धोकादायक म्हणून रिकामी करतायत, आई. स्लॅब पडतील या भीतीनं लोक हाताला लागेल ते उचलून बाहेर पडतायत आणि उरलेलं सगळं त्याच्याकडे येतंय. म्हणून मी तिथे ठाण मांडलं. धुळीनं खोकला झाला, डॉक्टर ओरडला, मी तोंडाला ओढणी बांधून परत गेले.

आणि मिळाला. सिंधी काकूंच्या घरातून आलेल्या गठ्ठ्यात, त्यांच्या नातवाच्या गाइडांखाली. मुखपृष्ठ गेलेलं, पण आतलं सगळं शाबूत. अनुक्रमणिकेत तुझं माहेरचं नाव. मी त्या स्टुलावरच वाचायला बसले. एक बाई भांडून घराबाहेर पडते, हातात पिशवी, अंबरनाथ स्टेशनच्या बाकावर दिवसभर बसते. गाड्या येतात, जातात. कुठली पकडायची ते ती ठरवत असते. शेवटी तिच्या लक्षात येतं की नळाला पाणी यायची वेळ झाली, आणि ती उठून घरी जाते. एवढीच गोष्ट. त्याखाली मासा होता. माशाशेजारी चांदणी. चांदणीखाली कुंकवाचं बोट, काळं पडलेलं. आणि पुढे आळीतल्या इतर बायकांच्या खुणा, एकमेकींना चिकटून, जागा पुरली नाही म्हणून समासात वर चढलेल्या. पुढच्या-मागच्या गोष्टींखाली एक-दोन खुणा असतील नसतील. तुझ्या गोष्टीखाली सगळी आळी होती.

चांदणीवाल्या बाई अजून आहेत, अंबरनाथला मुलाकडे. तशीच रिक्षा करून गेले. त्यांनी अंक ओळखला. चष्मा लावून चांदणीवरून बोट फिरवलं आणि पोरीसारख्या हसल्या. "अगं, हा लपवलेला अंक! काकूंनी नेला, वाचून रडल्या आणि मला म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता वाच. नियम मोडून मला दिलान्. मी मागच्या वहिनींना दिला. तेवढ्यात तुझी आई अंक मागायला आली. आता तो परस्पर फिरतोय हे तिला कोण सांगणार? काकू म्हणाल्या, भाभी, सापडत नाही. तुझी आई अशी काही भडकली की काकूंना महिनाभर पुस्तक दिलं नाही. मग परत देतेय कोण! आम्ही आपला तो आतल्या आतच फिरवला. ती पाण्याची वेळ गं, नळावर भेटलो की तेच. पाणी आलं की एकमेकींना म्हणायचो, चला, उठा बाकावरून." मी म्हटलं, "बाई, ती गोष्ट आईची होती." त्यांनी चष्मा काढून अंकावर ठेवला. मग म्हणाल्या, "अगं बाई! मग बोलली का नाही मेली?"

का नाही बोललीस गं? मला कळतं का ते. नाव सांगितलं असतंस तर बायका तोंडावर छानच म्हणाल्या असत्या, आणि तुला खरं ऐकायचं होतं. तू पलीकडे नळावर कान टवकारून उभी, त्या तुला बघून गप्प. तुला वाटलं, वाचलीच नाही. त्यांना वाटलं, चोरी पकडली जाईल. तुझ्याच नियमानं तुझा घात केला, आई. एक जरी बाई तुझ्यासमोर बोलली असती तर तू दुसरी लिहिली असतीस. मला याचा राग येतो, खूप येतो, आणि तो कुणावर काढू ते कळत नाही. म्हणून कागदावर काढतेय. कागद अंकातच ठेवीन, दुसरा पत्ता तरी कुठे आहे.

खूण मीही केली. तुझा फटका आठवला, तरी केली. माझी अशी खूण कुठली ते ठरेना, शेवटी पोळीसारखा एक गोल काढला, तोही वाकडा आला. जागा नव्हतीच, समासाच्या अगदी टोकाला बसवला.

आता एक खरं सांगते, आळीनं सांगितलं नाही ते. मला शेवट आवडला नाही. एवढं सगळं करून पाण्यासाठी परत आणलंस तिला? जाऊ द्यायचं होतंस. अंक मिळाला तरी मी शनिवारी जातेच. रद्दीवाला विचारतो, "अब क्या रह गया, दीदी?" मी पुढचा गठ्ठा सोडते. तू दुसरी लिहिली नाहीस, मला पक्कं माहीत आहे. तरी प्रत्येक जुना अंक उघडून आधी तुझं माहेरचं नाव शोधते. वाटतं, त्या दुसऱ्या गोष्टीत तरी ती बाई गाडीत बसली असेल.