कवठी चाफ्याची गुटी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विलासबाग राजवाडा व उद्यान न्यास,
मौजे आंबेखोरे, ता. वाई, जि. सातारा.

विषय : माळी बिराप्पा सिद्धू कोळेकर हे निर्दोष असल्याने त्यांना कामावर परत घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपला कामावरून कमी केल्याचा आदेश, दि. २३ सप्टेंबर २०२५.
२) अर्जदाराचे माकडांविषयीचे पत्र, दि. ६ ऑक्टोबर २०२५ (हे पत्र खोटे आहे).
३) त्या पत्राबद्दल आपण पाठविलेले आभारपत्र.

महोदय,

अर्जदार विनोदिनी देवदत्त सोवनी, वय ६७, राहणार विश्रामबाग, सांगली, निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिका, पुढीलप्रमाणे सादर करते :

१. दि. २१ सप्टेंबर रोजी अर्जदार तिच्या महिला मंडळाच्या एकवीस सभासदांना घेऊन राजवाडा व बाग पाहण्यास आली होती. अर्जदार या मंडळाची अध्यक्ष आहे. बागेत शिरण्यापूर्वी तिने सर्वांना फाटकाशी उभे करून बजावले, की अशा जुन्या बागेतले गळून पडलेले पानसुद्धा कुणी उचलू नये. हे लिहिताना तिला जड जात आहे, तरी त्याची नोंद असावी.

२. बाग बिराप्पांनी दाखवली. कारंज्यांमागच्या जुन्या कवठी चाफ्यापाशी ते थांबले. एका फांदीची साल सोलून, तिला शेवाळ गुंडाळून, वर प्लास्टिक बांधून त्यांनी गुटी केली होती. आत पांढरी मुळे दिसत होती. ते म्हणाले, “तिसऱ्या साली धरलीया बाई. म्हातारं झाड आतनं पोखरलंय. ते गेलं की हिला त्याच्या जागी लावायची.” सर्वजणी पुढे गेल्या. अर्जदार चष्मा पुसण्याच्या निमित्ताने मागे राहिली. तिच्या पर्समध्ये घडीची कात्री असते. अर्जदाराने एकतीस वर्षे मुलींना गुटी कलम शिकवले, पण कवठी चाफ्याची गुटी तिच्या स्वतःच्या हातून एकदाही धरली नव्हती. हे कारण आहे, समर्थन नव्हे. गुटी तिने कापली आणि कापडी पिशवीत, जेवणाच्या डब्याखाली ठेवली.

३. सभासद गाडीत बसल्यावर गुटी गेल्याचे उघड झाले. फाटकावरचे पहारेकरी आकाराम यांनी सर्वांच्या पिशव्या तपासायचे ठरवले. बिराप्पा मध्ये पडले. “आवं, शिकल्यासवरल्या बायका हायत त्या. त्यांच्या पिशव्यांत हात घालू नगा. माझंच कायतरी चुकलं आसंल.” अर्जदार पहिल्या बाकावर होती. हे शब्द तिने स्वच्छ ऐकले. पिशवी तिच्या मांडीवर होती. गाडी आणखी सहा-सात मिनिटे उभी होती आणि दार उघडे होते.

४. बिराप्पांचे ते शेवटचे वाक्य आपल्या आदेशात ‘कबुली’ म्हणून नोंदवले आहे. बाहेरच्या रोपवाटिकेला रोप विकल्याचा संशयही त्यांच्यावर घेतला आहे. बागेतली खोली त्यांना दोन दिवसांत सोडावी लागली.

५. अर्जदाराने बागेची चौकशी करण्याच्या मिषाने आपल्या कार्यालयात फोन केला, तेव्हा तिला हे समजले. त्या वेळी खरे सांगण्याऐवजी तिने संदर्भ क्र. २ चे पत्र लिहिले. माकडे ओल्या शेवाळाच्या वासाने गुट्या तोडून नेतात, असे तिने त्यात शास्त्रीय नावांसह मांडले. असे कोणत्याही ग्रंथात नाही. त्यावर आपण माळ्याला परत बोलावाल अशी तिची आशा होती. आपण झाडाभोवती तारेची जाळी मारलीत, माकडे हुसकावण्यास फटाके वाजवणारा माणूस नेमलात आणि अर्जदाराला पुष्पप्रदर्शनासाठी परीक्षक म्हणून बोलावलेत. ते आभारपत्र मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवण्यात आले. टाळ्या पडल्या. अर्जदार उठून उभी राहिली आणि तिने नमस्कारही केला.

६. त्या टाळ्यांनंतर अर्जदाराला घरात बसवेना. दि. ९ नोव्हेंबर रोजी ती घरी कुंडीत लावलेले ते रोप घेऊन एसटीने वडूजला व तेथून बिराप्पांच्या गावी गेली. त्यांच्या पत्नी हरणाबाई यांनी कोण, कुठल्या, हे विचारायच्या आधी पाणी दिले. अर्जदाराने रोप ओट्यावर ठेवले. बिराप्पांनी आधी रोपच पाहिले. मातीत बोट घालून म्हणाले, “लय पाणी घातलंय. मुळं कुजाय लागल्यात.” त्यांनी तिथेच ते नव्या मातीत लावले.

मग अर्जदाराने सर्व सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “मला ठावं हुतं. पिशवीतनं पान दिसत हुतं.” मग बोलला का नाहीत, असे अर्जदाराने विचारले. “एवढ्या बायकांम्होरं पिशवी उघडली आसती, तर तुमी परत कुठं तोंड दाखवलं आसतं?” हाताची माती झटकत ते म्हणाले, “मला वाटलं, तुमी आपणहून उतराल.”

७. ‘अर्जदार’ या शब्दाआड आता उभे राहवत नाही. गुटी मी कापली. माकडांचे पत्र मी लिहिले. गाडीतून मी उतरले नाही.

८. तरी विनंती, की बिराप्पांवरील आदेश व ती कबुली आधी रद्द करून त्यांना त्यांची खोली परत द्यावी. माझ्यावरील कारवाई त्यानंतर व्हावी. जाळी काढावी. परीक्षक दुसरा नेमावा. रोप सोबत पाठवलेले नाही, प्रवासात ते टिकणार नाही. ते बिराप्पांच्या दारात मी ठेवले आहे. तिथे सापडले म्हणून त्यांच्यावर पुन्हा ठपका येऊ नये. बागेत ते त्यांच्याच हातून लागावे.

माझा जबाब फाटकावर, आकाराम यांच्या समोर घ्यावा. तारीख आपण कळवाल त्या दिवशी मी मंडळाच्या सभासदांना घेऊन येईन. ज्या येतील त्या येतील.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,

(सही)
विनोदिनी देवदत्त सोवनी
सांगली, दि. ११ नोव्हेंबर २०२५

सोबत : संदर्भ क्र. १ (बिराप्पांकडून मिळालेला) व ३ च्या प्रती.
प्रत माहितीसाठी : मंडळाच्या एकवीस सभासद, प्रत्येकीच्या घरी स्वतः नेऊन.