साडेदहा मीटर

सोमवार, ३ मार्च
साहेबांनी माझा पाइप कापला. नकाशावर, लाल पेनने. साडेदहाचा साडेआठ मीटर.

कारण काय, तर कंडेन्सर तेवढा उंच बसवायला शेडची तुळई आड येते. मी समजावून पाहिलं — कंडेन्सरमधल्या गार पाण्याच्या फवाऱ्यात वाफ शिरली की तिचं पाणी होतं, आत निर्वात पोकळी होते, आणि ती पोकळी खालच्या कुंडातलं पाणी पाइपातून वर ओढते. दहा मीटरपर्यंत ओढते. पाइप त्याहून आखूड असला तर पाणी कंडेन्सर भरून थेट उसाचा रस आटवायच्या उकळत्या भांड्यात. भांड्याशी माणसं उभी असतात.

साहेब म्हणाले, दोन मीटरने काय होतंय.

बुधवार, ५ मार्च
मी सही केली नाही. साहेबांनी स्वतः केली. सही सुरेख आहे त्यांची.

बुधवार, १९ मार्च
चाचणी. दिवसभर भांड्याजवळ उभी होते, हवा आत सोडून पोकळी मोडायच्या व्हॉल्व्हवर हात ठेवून. काहीही झालं नाही. पोकळी उत्तम, रस उत्तम. साहेब मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

गुरुवार, २० मार्च
सगळं गणित पुन्हा केलं. तीनदा. बाबांना दाखवलं — तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलंय त्यांनी. म्हणाले, गणित बरोबर आहे, कारखाना चुकतोय. हे ऑफिसात कसं सांगायचं?

शुक्रवार, २८ मार्च
हरले. पुढच्या दोन कारखान्यांच्या नकाशांवर साडेआठ मीटर लिहून सही केली. साहेबांनी चहा मागवला. मी प्यायले.

बुधवार, २ एप्रिल
मामा आले होते. आमचे सगळ्यात जुने फिटर. सगळेच त्यांना मामा म्हणतात. तो कंडेन्सर त्यांनीच उभारला. निवृत्तीला चार महिने राहिलेत. खुर्चीत बसले नाहीत. दार लावून हळूच म्हणाले, "ताई, खालचं कुंड मी दोन मीटर खोल नेलंय. तुळईला धक्का नाही, पाइप खालून वाढवला. तुमचंही खरं राहिलं, साहेबांचंही. विचारलं नाही कोणाला, तेवढं पोटात ठेवा."

मी त्यांना ते दोन नकाशे दाखवले. मामा खुर्चीत बसले.

त्या दोन्ही ठिकाणी फिटर दुसरे आहेत.

गुरुवार, ३ एप्रिल
सकाळी दोन्ही सह्या खोडल्या. काम थांबवायला दोन्हीकडे फोन केले. मग साहेबांना कुंडाचं सांगितलं. त्यांनी नकाशा पुढे ओढला.

"आणि हे खणलं कोणाच्या हुकमावरून?"

माझ्या, म्हटलं.