बर्फावरची नोकरी आणि तिसगावची सुपारी

मु. पो. तिसगाव, ता. पाथर्डी
२१ फेब्रुवारी १९७३

चिरंजीव सुमंत यास राधाकृष्णमामाचे पुष्कळ आशीर्वाद. तिकडच्या थंडीत तू कसा आहेस, कान झाकतोस की नाही, हे आधी कळव. पारनेरला तुझी आई, आमची सरोजिनीताई, सुखरूप आहे. फक्त पोस्टमन दिसला की उठून उभी राहते. इकडे पाणी सोडून सगळं आहे. मी मात्र पाच दिवसांपासून अस्वस्थ आहे, आणि त्याला कारण तूच.

तुझ्यासाठी स्थळ पाहायला मी गेल्या शुक्रवारी तिसगावला आलो. (तुला आधी विचारलं नाही हे खरं, पण तुझं उत्तर यायला अठरा दिवस लागतात आणि सरोजिनीताईला तेवढा धीर नाही.) मुलीचे वडील नृसिंहराव मामलेदार कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. गृहस्थ सभ्य, पण प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणारे. मुलगा काय करतो, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बर्फाच्या लाइनीत आहे. त्यांना वाटलं, तू नगरच्या बाजारात भुशातल्या लाद्या विकतोस. मग सगळंच सांगावं लागलं: आंतरराष्ट्रीय व्यावसायिक बर्फ-हॉकी लीग म्हणून एक आहे, चार देशांतले बारा संघ आहेत, भल्यामोठ्या छपराखाली यंत्रानं पाणी गोठवतात, त्यावर खेळाडू पोलादी पात्यांचे बूट घालून धावतात, आणि तो बर्फ वितळू न देणारा इंजिनिअर म्हणजे आमचा सुमंत. ओसरीवर शेजारचे आसाराम बसले होते. त्यांची विहीर दिवाळीतच आटलेली. ते शांतपणे म्हणाले, "म्हंजी तिकडं पानी हाय, पन ते पीत न्हाईत. त्याच्यावर नाचत्यात."

नृसिंहरावांनी तुझी पत्रं पाहायला मागितली. मी पाकिटं तेवढी पुढे केली, तिथंच चुकलं. ऑक्टोबरचं पाकीट विनिपेगचं, डिसेंबरचं डेट्रॉईटचं, जानेवारीचं हेलसिंकीचं. ते म्हणाले, "चार महिन्यांत तीन गावं. आमच्या कचेरीत एवढ्या बदल्या फक्त निलंबनाआधी व्हायच्या." मी सांगितलं, की बदली सुमंतची नाही, प्रेक्षक येत नाहीत म्हणून अख्खा संघच गाव सोडतो. त्यानं त्यांचा चेहरा आणखी उतरला. तेव्हा विषय बदलावा म्हणून मी खेळ प्रत्यक्ष करून दाखवायला उठलो. (कुणी सांगितलं नव्हतं. पण मला स्वस्थ बसवत नाही हे तुला ठाऊक आहे.) पायांत लोकरीचे मोजे चढवले, नृसिंहरावांची काठी घेतली, तबकातली सुपारी शहाबादी फरशीवर ठेवली आणि फटका मारला. फटका चांगला बसला. सुपारी थेट आसारामांच्या कपाळावर आणि मी देवघराच्या उंबऱ्यावर. (सुपारी फुटून लग्नं ठरतात, इथं कपाळ फुटायचं थोडक्यात राहिलं.) आसाराम कपाळ चोळत एवढंच म्हणाले, "मास्तर, दमानं." माझं उजवं मनगट मोडलं, घोटा भोपळ्यासारखा सुजला. पाथर्डीच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि तीन आठवडे एस.टी.चं नाव काढू नका म्हणाले. त्यामुळे ज्या घरी मुलगी पाहायला आलो, त्याच घरी खाटेवर पडून आहे.

म्हणून हे पत्र मी सांगतोय आणि लिहून घेते आहे इंदू, म्हणजे तीच मुलगी. घरात दुसऱ्या कुणाचं अक्षर लागण्यासारखं नाही. (वडिलांचं लागतं. पण त्यांना बोलवू नको, असं मामा म्हणाले. — इंदू.) मुलगी शाळेत शिकवते, दुपारी दुष्काळी कामावरच्या बायकांची पोरं सांभाळते, आणि पिठलं उत्तम करते. (पिठलं आई करते. — इंदू.)

आता मुख्य गोष्ट. पडल्या पडल्या मी नृसिंहरावांना सांगून बसलो, की सुमंत लीगचा कायम अधिकारी आहे, पेन्शनसह. तुझ्या जानेवारीच्या पत्रात तर एप्रिलनंतर लीग राहील की नाही याचाच भरवसा नाही असं आहे. ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. (हे लिहायचं का, असं मी विचारलं. मामा आढ्याकडे बघत म्हणाले, "लिहिलंस? मग राहू दे." — इंदू.) तेव्हापासून जिवाला चैन नाही. नृसिंहरावांची चप्पल वाजली की वाटतं, आता विचारणार. पण ते येतात, बुद्धिबळाचा पट मांडतात आणि घोडा-उंटाखेरीज कशाबद्दल बोलत नाहीत. सरकारी माणूस गप्प बसला की समजावं, कागद कुठंतरी हलतोय.

प्रकृतीस जप. भाकरी मिळत नसेल तर निदान भात तरी सोडू नकोस.

तुझा,
राधाकृष्णमामा

ता. क. लीगच्या छापील कागदावर, शिक्का मारून, 'कायम' हा शब्द ठळक असलेला दाखला परतीच्या टपालानं पाठव. खरं तर पत्र त्यासाठीच.

आणखी एक ता. क. हा माझा, इंदूचा. मामांना डुलकी लागली आहे. वरचं सगळं त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, पण दाखला पाठवू नका. मामांचा आवाज वर्गातला, वडील पलीकडच्या खोलीत, आणि मधे नुसता पडदा आहे. त्यांनी सगळं ऐकलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "लीग बुडेल तर बुडू दे. मुलगा घरी खरं कळवतो ना, मग झालं." हे ते मामांना इतक्यात सांगणार नाहीत. सांगितलं तर मामा लंगडत का होईना पारनेरला निघतील, आणि तिसगावात पट मांडायला दुसरं कोणी नाही.

तुमचं जानेवारीचं पत्र मी वाचलं, पत्ता उतरवून घ्यायला आज मामांनीच दिलं. पारनेरच्या विहिरीला किती हात पाणी उरलंय, हे तुम्ही त्यात तीनदा विचारलंय. लग्नाबद्दल एक ओळ नाही. तेव्हा तुम्हाला लग्न करायचं आहे का, हे तुमचं तुम्ही कळवा. नसेल तर राग नाही, मामांची समजूत मी घालीन. उत्तराची वडिलांना घाई नाही. मला आहे.