गॅलरीतली हिरवी माळ

दादा,

तू ड्युटीवर फोन उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी ठेवतेय. घाईत लिहितेय, तेव्हा अक्षर लावून वाच.

दिव्यांच्या माळा लावताना तू म्हणालास, ज्याचा फोन घरच्या वायफायला जोडला जाईल त्याची माळ आपोआप लागेल. तुझी लाल, आईची पिवळी, माझी निळी. गॅलरीतली हिरवी कधी लागलीच नाही. बिघडलेली माळ आणलीस म्हणून मी तुला किती चिडवलं! तरी तू ती काढली नाहीस.

आज चार वाजता ती लागली. ॲपमध्ये पाहिलं, तर तिच्यापुढे तू 'बाबा' लिहिलेलं! तीन वर्षं तू या घरात त्यांचं नाव काढू देत नाहीस, आणि माळ मात्र लावून ठेवलीस?

फाटकाशी बाबाच उभे होते रे, त्यांच्या फोनात आपलं वायफाय अजून तसंच. "तुझ्या दादानं बोलावल्याशिवाय वर येणार नाही," म्हणाले आणि सहाची बस धरायला गेले. ती माळ कोणाची, हे त्यांना सांगायला मी स्टँडवर निघालेय.

दूध तापवून ठेवलंय. आईला तूच सांग.

घरी आलास की गॅलरीत थांब. निळी आणि हिरवी बरोबर लागल्या, तर खाली ये. नुसती निळी लागली, तर मला काही विचारू नकोस.