अंगठ्याची सुई आणि हातभर बांगड्या

माझ्या माय,

आज मला काम न्हाई. खरंच सांगायलेय, काहीच काम न्हाई! काल कलबुर्गीला हाडाच्या दवाखान्यात जाऊन डाव्या अंगठ्याच्या बुडात सुई घेतली. डॉक्टर म्हणले, दोन दिवस ह्या हातानं काही उचलायचं न्हाई, पिळायचं न्हाई, थापायचं न्हाई. मग काय, सून चुलीपाशी आन् मी उशीला टेकून राणीवाणी बसलेय. उजवा हात मोकळा हाय, म्हणून लिहायलेय. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक हाय मला. तिथं कुणीतरी वाचून दाखवंल. तुझ्याभोवती बाया काय कमी जमायच्या!

मघाशी डोळा लागला होता. सुनेच्या भाकरीचा आवाज येत होता आन् झोपेत तो मुडबीच्या आपल्या घरातला झाला. तू काटवटीपुढं बसलेली, पाठ माझ्याकडं, पदर खांद्यावर. थाप, थाप, थाप, आन् मग जरासं थांबणं. तुझ्या भाकरीची चालच तसली होती. लहानपणी मी त्या थांबण्यावर पेंगायची. तिथं अंगठा कळ मारायचा म्हणून तू थांबायचीस, हे माझा अंगठा दुखायला लागल्यावर कळलं बघ.

डॉक्टरनी फोटो दाखवला हाताचा. अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलाय, हाडाला हाड लागायलंय म्हणले. मी त्या काळ्या फोटोकडं बघत राहिले. तो माझा हात वाटंचना. तुझाच वाटला. ते बुडाचं वर आलेलं टेंगूळ, ती आत वळलेली बोटं. हात कुणी वारशात देतं का गं? द्यायचाच होता तर तुझ्या हाताची चव तरी द्यायचीस!

तुझी सुई आठवती का? रूपाचं लग्न ठरलं होतं, माझ्या लेकीचं. दिवाळी सरली आन् तू आपण होऊन म्हणलीस, "मला घेऊन चल दवाखान्याला." आम्ही सगळे चाट! गोळीला नाक मुरडणारी तू. अप्पा लई खूश झाले. म्हणले, "आता म्हातारीच्या भाकरी पहिल्यासारख्या पातळ व्हत्याल बघ." तू खाली मान घालून हसलीस नुसती.

तुझ्या डॉक्टरनीबी तेच सांगितलं होतं जे काल मला सांगितलं. हे औषध झीज भरत न्हाई, आतली सूज उतरवतं. कुणाला काही आठवडे बरं वाटतं, कुणाला महिने, कुणाला फरकच न्हाई. परत परतबी घेता येत न्हाई. तू मान डोलवत होतीस, आन् तुझं ध्यान दुसरीकडंच होतं. पहिला दिवस हात जास्तीच ठणकला. मग एका सकाळी तू तांब्या एका हातानं उचललास, खाली ठेवलास, परत उचललास. मला हाक मारून दाखवलंस. लहान पोरीवाणी तोंड झालं होतं तुझं.

आन् मग तू काय केलंस? चुलीकडं न्हाई गेलीस. मुडबीच्या बाजारातल्या बांगड्यावाल्या चाचीला बोलावणं धाडलंस!

तवा कुठं मला उमगलं. कितीतरी वर्षं तुझ्या हातात मापाच्या काचेच्या बांगड्या नव्हत्या. बांगडी चढवायला चाची अंगठ्याचं बूड दाबायची आन् तू किंचाळायचीस. मोठ्या मापाच्या घातल्या की पीठ मळताना काटवटीत गळायच्या. एकदा अप्पाच्या ताटातच एक निघाली, म्हणले, "आज कालवणात काय नवीन घातलंस?" तू हसलीस खरी. पर लग्नाकार्यात बाया चुडा भरायला बसल्या की तू हळूच उठून पाणी बघायला जायचीस. ते कुणाच्याच ध्यानात येत नव्हतं.

चाची आली. तुझा हात मांडीवर घेतला. म्हणली, "हात ढीला छोडो अम्मा, डरना नक्को." तू म्हणलीस, "दाब गं तू. बिनघोर दाब." आन् डोळे मिटून घेतलेस. एकेक हिरवी बांगडी सरसर चढली, कुठं अडली न्हाई. तू डोळे उघडलेस तर हात भरलेला. मग दिवसभर तू उगाच हात हलवत होतीस. पाणी घेताना, केस सारखे करताना, काहीच नसताना. मला तो दिवस अजून खरा वाटत न्हाई. बांगड्यांसाठी सुई घेतलीस व्हय गं? आन् आम्ही भाकरीची वाट बघत बसलो!

रूपाच्या लग्नात तू सगळ्यांच्या मधी बसलीस. येळवसला, शेत पुजायच्या अवसेला, आपण शेतात जेवायला गेलो, तवा सकाळचं धुकं ज्वारीत अडकून बसलं होतं. बैलगाडीच्या कडंला तू बसलेली. धुक्यात तू दिसत नव्हतीस, नुसती किणकिण ऐकू यायची. आंबील पिऊन मी कडब्याच्या कोपीच्या सावलीला आडवी झाले आन् तू भरल्या हातानं माझ्या केसांतनं बोटं फिरवलीस. दुखत नव्हतं तुला. मला वाटलं, आता हे असंच राहणार.

शिमग्याच्या आसपास कळ परत आली.

मग तू अप्पाला घेऊन परत दवाखान्याला गेलीस आन् सुई न घेताच आलीस. अप्पा बाहेर चहा पीत बसले होते, त्यांना सांगितलंस, डॉक्टर न्हाई म्हणले. खरं तू मला सांगितलंस, परसात, कानापाशी येऊन. डॉक्टरच्या दाराशी बसलेली बाई म्हणली, बांगड्या काढून आत या. तू साबण लावून ओढल्यास, निघंनात. सूज होती ना! ती म्हणली, "मग फोडा की." आन् तू उठून आलीस. मला म्हणलीस, "तुझे अप्पा बसलेत बाहेर जिते, आन् मी बांगड्या फोडू व्हय?"

तुझं खरंच वाटलं मला. कुठलीबी बाई हेच करंल. तू परत कधी दवाखान्याचं नाव काढलं न्हाईस. नुसत्या तळहातानं भाकरी थापलीस, दातानं गाठी सोडल्यास, तांब्या दोन्ही हातांनी धरलास. गेलीस तवा हिरव्या बांगड्या हातात होत्या. बाया म्हणल्या, भाग्याची गं, भरल्या हातानं गेली. मी तुझा अंगठा बघत होते. सुजलेलाच होता गं शेवटपर्यंत.

आन् काल काय झालं, ऐक.

मी टेबलावर हात ठेवला. नर्स बांगड्यांकडं बघायली. ती बोलायच्या आधीच मी चप्पल पायात घातली. ती म्हणली, "अक्का, एल्ली होंटीरी? कुठं निघालात?" मी म्हणलं, "बांगड्या निघत न्हाईत बाई. आन् मी फोडणार न्हाई." ती हसली. माझा हात धरून बांगड्या वर सरकवल्या, मनगटाच्या वर, कोपराकडं. त्यावर कापडी पट्टी गुंडाळली, गाठ मारली. "झालं. बसा आता."

"इतकंच?" मी विचारलं.

"इतकंच की."

सुई आत गेली तवा मला रडू फुटलं. हुंदकेच आले गं माय, भर दवाखान्यात! डॉक्टर घाबरले. म्हणले, "एवढं दुखायलंय का?" मी म्हणलं, "व्हय."

इतकंच होतं बघ. वीतभर पट्टी. दाराशी बसलेल्या त्या बाईला ठाऊक नसंल, न्हाईतर घाईत असंल. पर तू कामून आत जाऊन विचारलं न्हाईस? एकदा, नुसतं एकदा डॉक्टरला विचारायचंस! सगळ्या गावाला तोंडावर बोलणारी तू, तिथंच गप कामून बसलीस? मी रागावलेय तुझ्यावर. अजून एखादी येळवस तुला न दुखता मिळाली असती. न्हाईतर न मिळती, औषधाचं काय सांगावं. पर बांगड्यांपायी तरी ती जायला नको होती.

तुला एक वचन देते. तपासायला मला परत बोलावलंय. तिथल्या बाकावर एखादी बाई साबणाच्या हातानं बांगड्या ओढत बसलेली दिसली, तर मी तिच्याजवळ जाऊन बसंन. ओळख असो नसो. तिच्या बांगड्या मी माझ्या हातानं वर सरकवंन आन् तिच्यासंगं आत जाईन.

पट्टी मी कालपासून सोडली न्हाई. तिच्याखाली बांगड्या मुक्या हायत. आता सोडायलेय, उजव्या हातानं, हळूच. खाली यायल्यात बघ.

ऐकू आलं का गं?

तुझ्याच हाताची,
सुमन