आईने नेलेली पंचाहत्तरची नोट

दादा,

तुझ्या जुन्या नोटांच्या अल्बममधली पंचाहत्तर क्याटची नोट शोधत बसू नकोस, आईने नेली आहे. काल फोनवर यांगूनच्या गिऱ्हाइकाला ओरडून सांगत होतास ना, "आता या नोटेला सोन्याचा भाव आहे" म्हणून? तिने ते ऐकलं. तिला वाटलं, सरकारने बाद केलेल्या नोटा पुन्हा चालू झाल्या.

सकाळी गालांना थनाक्याचा लेप लावून, इतकी वर्षं उशीत शिवून ठेवलेली गड्डी घेऊन ती बाजारात सोनाराकडे गेली. ज्या नोटेला तू मला बोट लावू देत नाहीस, ती चार घड्या घालून कमरेला खोचली आहे. मी ती मागाहून आणीन, पण घड्या काही जायच्या नाहीत. गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते तूच बघ.

सोनाराचा फोन आला होता. म्हणाला, "आजी उठतच नाहीत. लेकीच्या कानांत सोनं घालायचं राहिलंय, डूल दाखव म्हणतात." ती गड्डी माझ्या डुलांसाठी होती, हे मला आज कळलं.

शेजारच्या दॉ सॉ यिनचे डूल मागून घेतलेत. ते गुपचूप सोनाराच्या हातात देते. तो डबीत घालून आईला देईल आणि नोटा ठेवून घेईल. पुढचं पुढे.

मोहिंगा झाकून ठेवलाय, खाऊन घे. आम्ही आलो की माझ्या कानांकडे बघून "छान दिसतात" एवढंच म्हण. नोटा चालत नाहीत, हे तिने एकदा रेडिओवर ऐकलंय. दुसऱ्यांदा तुझ्या तोंडून नको.

न्वे