बिजागरीचा वाटा

३ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण तुमचा विनय. राज्याच्या उत्पन्नात कारखान्यांचा वाटा किती, हा अहवाल यंदा माझ्या गळ्यात पडलाय आणि तुमचा फॉर्म माझ्याच टेबलावर आला. ‘काय तयार करता?’ या रकान्यात तुम्ही लिहिलंय, ‘काही विशेष नाही.’ ‘कामगार किती?’ तर ‘सगळी घरचीच.’ साहेब म्हणाले, जिथे काही तयारच होत नाही त्याला कारखाना कसं म्हणायचं? महिनाअखेर तुमचं नाव यादीतून जाईल आणि पाठोपाठ कारखान्याची वीज. नवा फॉर्म जोडलाय. एकदा तरी बढाई मारा.

माया आहेच, फॉर्मचं तेवढं बघा.
तुमची भाची

९ जून

चि. भाचीस,
अ. उ. आ.

वीज गेली तर अकरा घरं उघड्यावर येतील, या काळजीने जेवण जात नाही. पण राज्याचं उत्पन्न कुठे आणि आमची बिजागरी कुठे. लोक दार बघतात, बिजागरी कोण बघतो? तुझ्या मामीच्या वडिलांनी कामाचं विचारलं तेव्हाही मी ‘चाललंय आपलं’ म्हणालो होतो; ती अजून ऐकवते. लेथवाल्याच्या आग्रहाखातर या वेळी ‘बिजागऱ्या, बऱ्यापैकी’ असं लिहिलंय. फुशारकी वाटली तर ‘बऱ्यापैकी’ खोड.

मामावर राग धरू नकोस.
मामा

१४ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

‘बऱ्यापैकी’वर साहेबांनी लाल रेघ मारली. मी हात टेकले. सांगणार नव्हते, पण साहेबांच्या केबिनच्या दाराला तुमच्याच बिजागऱ्या आहेत. पत्र्यावर तुम्ही ठोकता तो खुणेचा ठिपका ओळखला मी. त्या कुरकुरतात. असला माल असेल तर नाव गेलेलंच बरं, असं आता मलाही वाटतं. कोरा फॉर्म उगाच जोडतेय.

तरीही तुमचीच,
भाची

१८ जून

चि. भाचीस,
आशीर्वाद मागाहून.

आमची बिजागरी कुरकुरत नाही. फॉर्मला मागे दोन कागद टाचलेत. महिन्याला नऊ हजार जोड, अकरा कामगार नावांसकट, कुठल्या शाळा, कुठली इस्पितळं, सगळं आहे. तीस वर्षांत एक नग परत आलेला नाही. बिजागरीशिवाय राज्याचं एक दार लावून दाखवा, हेही लिहिलंय. साहेबांना दे.

मामा

२५ जून

चि. भाचीस,
अ. उ. आ.

नाव यादीत राहिल्याचं पत्र पोचलं. काल तुझ्या ऑफिसात येऊन गेलो, तू जेवायला गेली होतीस. साहेबांचं दार वीस वेळा उघडलं, वीस वेळा लावलं. साहेब आत बसून बघत होते. कुरकुरते ती त्यांची खुर्ची. मामाशी खोटं बोललीस, भेटलीस की कान धरणार आहे.

फॉर्म मात्र परत मागत नाही. त्याची नक्कल आज कारखान्यात वाचली. मशिनं बंद करून अकराही जण ऐकत उभे होते. लेथवाल्याने स्वतःच्या नावाची ओळ पुन्हा वाचायला लावली. मला चष्मा पुसायचा होता, म्हणून ती मामीने वाचली.

अशीच खोडकर राहा.
तुझा,
बिजागऱ्या करणारा मामा